कडुनिंबाच्या पाल्यातला तंबोरा

सांगली, १२ जानेवारी

चंदनावन्संना त्रिशलाचा जयजिनेंद्र.

तुमचा फोनवरचा निरोप सम्मेदने मला जेवताना ऐकवला. "वहिनी, आईचा तंबोरा मला इकडे हवाय, तेवढं बघाल ना?" असं तुम्ही म्हणालात आणि मागे कसलं तरी यंत्र घुरघुरत होतं. तेवढं. मेलबर्नला राहून माणूस 'तेवढं' म्हणजे किती ते विसरत असावा. तंबोरा माझ्या खांद्याला लागतो, त्याचा भोपळा दोन हातांच्या कवेत मावत नाही आणि त्याला धरायला कडी नाही. पापडाचं पाकीट मागावं तसा तुम्ही तो मागितलात.

मी फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हं' म्हणते. कागदावर कुणाला मधे तोंड घालता येत नाही. टपालाने जायला फार दिवस लागतील, म्हणून सम्मेद या पत्राचा फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहे. म्हणजे माझा मुलगा हे सगळं तुमच्या आधी वाचणार. तेव्हा मी काय काय लिहिलं नाही याचाही अंदाज तुम्हीच करा.

आधी एक विचारते. कशाला हवाय? दिवाळीत तुम्ही नव्या घराचे फोटो पाठवले होते. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात तांब्याचा हंडा, त्यात वाळकं गवत खोचलेलं. दुसऱ्या कोपऱ्यात जातं. जात्यावर फुलदाणी. ज्या बाईने जन्मात कधी दळण केलं नाही तिच्याच घरात जात्यावर फुलदाणी असते. आता तिसरा कोपरा उरला असेल. तिथे आत्याबाईंचा तंबोरा उभा करायचा, वरून पिवळा दिवा सोडायचा आणि पाहुण्यांनी विचारलं की डोळे बारीक करून सांगायचं, माझ्या आईचा.

तुमच्या आईने, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तुम्हाला लहानपणापासून पहाटे उठवून गाणं शिकवलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमचा रियाझ चालू असायचा आणि माझी भांडी. पर्युषणात तुम्ही बस्तीत भगवंतापुढे गायला बसलात की बाहेर चपला ठेवायला जागा उरत नसे, हेही मी पाहिलं आहे. मग तुमचं लग्न झालं, तुम्ही विमानात बसलात आणि गाणं सोडलंत. का सोडलंत ते तुम्ही सांगितलं नाही आणि आत्याबाईंनी विचारलं नाही. त्यांनी तुमच्याशी बोलणंच टाकलं. तुमचा फोन आला की त्या मला म्हणायच्या, "तूच बोल." मी बोलत होते. हवा कशी आहे, भाजी मिळते का. इतकी वर्षं आपण दोघी हवेबद्दल बोललो.

आणि भाद्रपदात त्या गेल्या तेव्हा तुम्ही अंत्यदर्शन सम्मेदच्या फोनवर घेतलंत. तिकीट मिळालं नाही म्हणालात. नसेल मिळालं.

असो. जाण्याआधी त्या "चंदने, हा तुझा" म्हणाल्या, ते तुमच्या दादांनी ऐकलं, सम्मेदने ऐकलं. तेव्हा तंबोरा तुमचा. मी पाठवीन. मला काय, तेवढीच जागा मोकळी होईल.

त्रिशला


सांगली, ३० जानेवारी

वन्सं,

तुमच्या तंबोऱ्यापायी मी या वयात दुकानांच्या पायऱ्या चढते आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

बाजारातल्या कुरिअरवाल्याकडे एक मुलगी बसते. तिने मोजपट्टी काढली, लांबी-रुंदी-उंची घेतली आणि म्हणाली, "काकू, ह्येला वजनावर लागत न्हाई, आकारावर लागतंय." म्हणजे तंबोऱ्याचं वजन कापसाच्या उशीएवढं असलं तरी भाडं त्याच्या आतल्या हवेचंही द्यायचं. मी तिला विचारलं, हवा इथेच काढून ठेवू का. तिला हसू आलं नाही. हल्ली दुकानात बसणाऱ्या मुलींना हसायला शिकवत नाहीत.

तुमचे दादा तर थोरच. आयुष्यभर हळदीचा व्यापार केल्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक वस्तू पोत्यात बसते असं वाटतं. म्हणाले, "अगं येवडं काय त्यात? तारा काढायच्या, पोत्यात घालायचा, तोंड शिवायचं, द्यायचा लावून." मी म्हटलं, आवं, तुमच्या आईचा तंबोरा हाय, राजापुरी हळद न्हाई. मग ते पेपर वाचू लागले. त्यांना काही सुचेनासं झालं की पेपर वाचतात.

कुणी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवावा तर तेही झालं. मिरजेच्या एका डॉक्टरांची सून तिकडे निघाली होती. फोनवर तिने अगदी गोड आवाजात 'हो काकू' केलं. घरी येऊन तंबोरा पाहिल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. आपल्याला वाटलं सतार असेल, म्हणाली. सतार काय खिशात मावते?

मग पुण्याचा एक दलाल सम्मेदने शोधून काढला. विमानाने माल पाठवतो. कुरिअरपेक्षा पुष्कळ स्वस्त, पण विमानतळावरून सोडवून घ्यायचं काम तुमचं. तेवढं बघाल ना?

तंबोरा बांधायचा कसा हे विचारायला सम्मेद आणि मी तो रिक्षात आडवा धरून मिरजेला कारागिराकडे नेला. त्यांनी आधी चहा मागवला, मग आपल्या आजोबांनी कुठल्या कुठल्या संस्थानिकांना तंबोरे दिले ते सांगितलं, मग जिथे मुद्दा आहे तिथे आले. तारा उतरवायच्या पण पार मोकळ्या करायच्या नाहीत, नाहीतर दांडी आपलं वळण विसरते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली कापूस घालायचा. भोपळा आणि दांडी जिथे जोडली आहे तो गळा, तिथे खालून आधार हवा, कारण धक्का बसला की पहिला गळाच जातो. आणि भोपळ्यावर झाकणासारखी जी लाकडी तबली असते तिच्यावर कशाचाही भार पडता कामा नये. हे सांगायला चार वाक्यं पुरली असती.

जाता जाता ते तारांवर कान ठेवून म्हणाले, "जवारी, तारंची गुंज, ताजी हाय की. ह्यो तंबोरा कोणतरी रोज छेडतंय."

मी सांगितलं की मी रोज पुसते, पुसताना बोट लागत असेल. सम्मेद माझ्याकडे बघत राहिला. त्याला म्हटलं, रिक्षावाला थांबलाय, चल.

त्रिशला


सांगली, २१ फेब्रुवारी

वन्सं,

पेटीचं पुराण ऐका.

तुमच्या दादांचे उंब्रजचे मित्र मानसिंगराव तुम्हाला आठवत असतील. मिशा. फौजेत सामान बांधून रेल्वेत चढवण्याच्या कामावर होते आणि निवृत्त झाल्यापासून जगातलं सगळं सामान आपणच बांधायचं असं त्यांनी मनावर घेतलं आहे. हमरस्त्यावर त्यांची लाकडाची वखार आहे. "वैनी, तुमी काय बी बोलू नका, पेटी माझ्याकडं लागली," म्हणाले. आम्ही उंब्रजला गेलो. पेटी तयार होती. बाभळीच्या फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, चार माणसांना उचलेना. मानसिंगराव पेटीवर स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात तोफगोळा घालून घाटातनं ढकलून द्या, काय बी व्हणार न्हाई बगा."

मी विचारलं, तोफगोळ्याला काही झालं असतं तर वाईट कुणाला वाटलं असतं? ते हसले. माझं बोलणं लोकांना गंमत वाटते, हा माझ्या जन्माचा वैताग आहे.

पुण्याच्या दलालाने फोटो पाहून पेटी नापास केली. नुसत्या लाकडाची पेटी परदेशात चालत नाही. ते लाकूड आधी भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, नाहीतर तिकडचे लोक बंदरातच अडवतात, लाकडात कीड असते म्हणून. प्लायवूड चालतं. मानसिंगरावांचा चेहरा पडला. दोन दिवस फोन उचलला नाही. मग प्लायवूडची दुसरी पेटी केली, पहिल्यापेक्षा चांगली, आतून कापूस भरलेल्या गाद्या लावून, गळ्याखाली घोड्याच्या नालासारखा आधार बसवून. पण कौतुक करायला मी फौजेत नाही.

दलालाने फोनवर उलटतपासणी घेतली. "मॅडम, वाद्यात प्राण्याचा काही भाग? हाड, शिंग, हस्तिदंत?" मी त्याला विचारलं, आमच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, हाड कुठून येईल? तुम्ही विसरला असाल तर सांगते. आत्याबाईंनी तंबोरा घरात आणला त्याच दिवशी हाडाची घोडी काढून टाकली आणि लाकडाची बसवली. लाकडाची घोडी लवकर झिजते, आवाज लवकर बसतो, मिरजेचे लोक कपाळाला हात लावतात. तरी त्या म्हणायच्या, आवाज बसला तर परत उठवू, पण भगवंतापुढे हाडावर सूर लावायचा नाही.

मग तो म्हणाला, आत डांबराच्या गोळ्या टाका, कीड लागणार नाही. आमच्या घरात डांबराची गोळी. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आपल्याकडे किडीला मारायचं नसतं, तिला तिथे राहावंसं वाटणार नाही एवढं करायचं असतं. धान्याला जे करतो तेच केलं. परड्यातल्या झाडाचा कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवला आणि भोपळ्याभोवती दाट अंथरला. आत्याबाईंची जुनी इरकली लुगडी हळदीच्या पाण्यातून काढून वाळवली आणि तंबोरा त्यात गुंडाळला. महागड्या फुग्याच्या कागदापेक्षा लुगडं मऊ असतं. वर बस्तीतल्या मूठभर अक्षता टाकल्या. दलालाच्या कागदावर विचारलं होतं, आत वनस्पतीचा काही माल आहे का. सम्मेदने 'नाही' लिहिलं. पाला हा काय माल आहे?

महापुरात सुद्धा हा तंबोरा कोरडा राहिला होता. घरात कंबरभर पाणी आणि बोटीतला जवान सांगत होता, "मावशी, सामान न्हाई घ्याचं." आत्याबाई पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सामान न्हाई." तो कुणी मांडीवर घेतला होता ते विचारू नका. माझी लग्नातली ट्रंक मात्र गेली. तुम्ही तेव्हा पुराचे फोटो पाहून 'ओह नो' लिहिलं होतं. ते मी जपून ठेवलं आहे.

त्रिशला


सांगली, ९ मार्च

वन्सं,

गेला तंबोरा. गुरुवारी टेम्पो आला, चौघांनी उचलला, मानसिंगराव उंब्रजहून मुद्दाम आले होते ते टेम्पोच्या मागे चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला शिव्या देऊन परत आले. तुमचे दादा दारात उभे होते. पेपर हातात होता, पण उलटा.

देवघराच्या बाजूचा कोपरा आता मोकळा आहे. मी तिथे शेवयांचं यंत्र ठेवलं. मग ते काढून तांदळाचा डबा ठेवला. मग तोही काढला. काही ठेवलं की अडचण होते आणि नाही ठेवलं की कोपरा दिसतो. सम्मेद म्हणतो, रोप ठेव. घरात रोप ठेवायला आपण मेलबर्नला राहतो का?

सकाळी मला नेहमीच्या वेळी जाग येते. पूजा आटोपते. त्यानंतर काय करायचं ते कळत नाही. उगाच गॅस पुसला. पुसलेलाच होता.

तुमचं पत्र नाही. 'थँक यू सो मच वहिनी' आणि हात जोडलेले दोन पंजे आले. पंजे पोचले.

त्रिशला


सांगली, २३ मार्च

वन्सं,

तुमच्या त्या देशाच्या सरकारला सांगा की सांगलीच्या एका म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला.

सम्मेदने मला समजावून सांगितलं ते असं. पेटी विमानतळावर उघडली. पाला पाहून तपासणीच्या कचेरीतल्या लोकांनी ती पुन्हा झाकली आणि वेगळ्या कोठारात नेऊन ठेवली. मग अक्षता चाळल्या. अक्षतांमध्ये एक सोंडा निघाला. जिवंत. एवढा प्रवास करून. आपल्याकडे तांदळात सोंडा निघाला तर सूप घेऊन अंगणात जायचं, तो आपल्या पायांनी चालत जातो. तिकडे त्याचा फोटो काढून सरकारी चिठ्ठी निघाली. इथून घरंच्या घरं उठून तिकडे राहायला गेली तेव्हा कुणी अडवलं नाही. सोंड्याला अडवलं.

आता त्यांनी तुम्हाला विचारलं आहे म्हणे. पेटी तापवायची, किंवा वायू सोडून आतले सगळे जीवजंतू मारून टाकायचे, किंवा वस्तूच जाळून टाकायची. नाहीतर मालकाने स्वतः हजर राहून सगळा पाला हाताने काढायचा, वाद्य कण-कण साफ करायचं आणि पुन्हा तपासून घ्यायचं. यात वेळ जातो, आणि त्या फेरतपासणीत काही सापडलं तर पुन्हा वायूचाच प्रश्न. सम्मेद म्हणाला की बहुतेक लोक वायू घेतात. सोपं असतं, सही केली की झालं.

तापवू देऊ नका. भोपळा आणि दांडी सरसाने जोडलेली आहे, तापलं की जोड उघडतो. हे मिरजेचं चहावालं व्याख्यान आहे, पण खरं आहे.

आणि वायू. वायूने तंबोरा फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या बाईने मुंग्यांच्या रांगेवरून पाय उचलून टाकला, आवाज बसतो म्हणून मिरजेच्या शिव्या खाल्ल्या पण हाडाची घोडी लावली नाही, तिच्या तंबोऱ्यात विष भरायचं आणि मग तो कानाशी घेऊन बसायचं. तुम्हाला जमेल. तुम्हाला पुष्कळ गोष्टी जमलेल्या आहेत. मला लिहून कळवायची गरज नाही, मी समजून घेईन.

पाला मी घातला. दलालाने आत दुसरं काही घालू नका म्हणून सांगितलं होतं. सम्मेदने आज मला त्याची आठवण दिली, आवाज न चढवता, आपल्या बापासारखा. या घरातले पुरुष आवाज चढवत नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही.

त्रिशला


सांगली, ६ एप्रिल

वन्सं,

या पत्राचा फोटो मी स्वतः काढणार आहे. कोपऱ्यात अंगठा आला असेल. सम्मेदला हे पत्र दाखवलेलं नाही.

पंधरवडा झाला, तुमचा शब्द नाही. म्हणजे वायू सोडला असणार आणि सांगायला तोंड नसणार. तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती, पण मेली आशा माणसाला मूर्ख बनवते. रोज सम्मेदला विचारते, काही आलं का, आणि तो नाही म्हणाला की त्याच्यावर खेकसते.

तेव्हा आता एकदा सांगून टाकते. तुम्ही गेल्यावर तंबोरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत्याबाईंना गायचं असायचं, पण एकाच वेळी छेडायला आणि गायला त्यांचे हात थकले होते. एक दिवस मी भाकरी थापत होते. त्यांनी हाक मारली, "त्रिशले, हात धू आणि हितं बस." मला बोटं कशी फिरवायची ते शिकवलं. जुळवायला शिकवलं. गायला नाही शिकवलं. मी एकदा सुरात सूर मिळवून पाहिला तर म्हणाल्या, "तू नकोस. तुझा गळा खलबत्त्यात घातल्यासारखा हाय." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी त्यांच्या मागे बसून मी तंबोरा धरला. पाहुणे यायचे, आत्याबाईंचं गाणं ऐकायचे, वाहवा करायचे आणि माझ्याकडे बघून पाणी मागायचे.

शेवटच्या महिन्यात त्यांचं गाणं थांबलं होतं. डोळे मिटून पडून असायच्या आणि मी छेडत बसायची. ओळख राहिली नव्हती. मला त्या 'चंदने' म्हणायच्या. चंदने, जरा सावकाश. चंदने, खर्ज उतरलाय. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मी त्रिशला. त्यांनी इतक्या केविलवाण्या डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगितलं नाही. महिनाभर त्यांचं दूध चंदनाने दिलं, त्यांची पाठ चंदनाने पुसली, रात्री-बेरात्री त्यांना उठवून बसवलं ते चंदनाने. तुमचं तिकीट मिळत नव्हतं, पण तुम्ही इथेच होतात बघा.

आणि शेवटी माझा हात तंबोऱ्यावर नेऊन ठेवत त्या म्हणाल्या, "चंदने, हा तुझा."

तुमचे दादा आणि सम्मेद दारात उभे होते. त्यांनी शब्द ऐकले, हात कुणाचा धरला होता ते पाहिलं नाही. मीही बोलले नाही. काय बोलणार? मरणाऱ्या माणसाने दिलेली वस्तू, आणि तीही दुसरीच्या नावाने. त्यांनी कुणाला दिला ते त्यांनाच ठाऊक. मला वाटतं मला दिला. पण मला वाटतं याला काय किंमत आहे? नाव तुमचं होतं, म्हणून मी तो पाल्यात, लुगड्यात गुंडाळून तुम्हाला पाठवला, आणि त्याला काही होऊ नये म्हणून जे केलं त्यानेच त्याचं वाटोळं झालं. मला त्याच्यावाचून सकाळी बसवत नाही. झालं. लिहिलं.

आता तो तुमच्या तिसऱ्या कोपऱ्यात उभा करा आणि त्यावर दिवा सोडा.

त्रिशला


सांगली, १५ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. हाताने लिहिलेलं, फोटो काढलेलं. अक्षर पूर्वी बरं होतं.

म्हणजे पंधरवडाभर तुम्ही रोज कामावरून सुटी काढून त्या कोठारात जात होतात. हातात प्लास्टिकचे मोजे घालून, टेबलावर पांढरा कागद पसरून, भोपळ्याच्या खाचाखाचांतून, खुंट्यांच्या भोकांतून, तारांखालून पाला चिमट्याने वेचत होतात आणि एक सरकारी माणूस समोर उभा राहून बघत होता. पहिल्या फेरतपासणीत नापास झालात, कारण घोडीखालच्या कापसात एक काडी सापडली. त्याने पुन्हा वायूचं विचारलं. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात आणि पुन्हा पहिल्यापासून बसलात. आणि पाल्याचा, हळदीचा आणि लुगड्याचा वास आला तेव्हा तुम्हाला माजघर आठवून रडू आलं. सरकारी माणसासमोर. त्याने कागदी रुमाल दिला म्हणे. चांगल्या घरचा असेल.

हे तुम्ही मला आधी कळवलं असतं तर मी सहा तारखेचं पत्र लिहिलं नसतं. 'पास झालं की सांगू, आधी सांगून वहिनींचा जीव टांगणीला कशाला,' असा तुमचा विचार. म्हणजे तोवर माझा जीव कुठे होता? असो. त्या पत्राबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "वहिनी, तो तुमचाच आहे, मी परत पाठवते." काही पाठवायचा नाही. पुन्हा पेटी, पुन्हा दलाल, पुन्हा मानसिंगराव. त्यांना हे कळलं तर आनंदाने तिसरी पेटी करायला घेतील. आत्याबाईंनी कुणाला दिला यावर आपण दोघी उरलेला जन्म भांडू शकतो, पण तंबोऱ्याने तेवढे प्रवास करू नयेत.

लुगडी त्यांनी जाळून टाकली, ते वाचलं. सोंड्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी विचारणार नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या आवाजाबद्दल. तुम्ही तंबोरा लावून आईचं स्तवन म्हणून पाहिलंत, एकच ओळ. इतक्या वर्षांनी. दादांनी ते ऐकलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आले नाहीत. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. मला कळतं, म्हणून सांगते. गळा गंजलेला आहे. वरचा षड्ज घेताना तुम्ही त्याच्या दाराशी जाऊन परत आलात. पण ते नंतर.

आधी तंबोरा. तो जुळलेला नाही आणि तुम्हाला ते कळलंही नाही, हे आत्याबाईंनी ऐकलं असतं तर पुन्हा बोलणं टाकलं असतं. मधल्या जोडाच्या, एकाच सुराच्या दोन तारा एकमेकींशी भांडताहेत. त्यातली पहिली उतरली आहे. खुंटीला हात लावू नका, खाली तारेत जो मणी आहे तो तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकवा, ती चढेल. आवाज बद्द येतोय, म्हणजे घोडीवर तारेखाली जो दोरा असतो तो साफ करताना तुम्ही उडवलात. नवा सुती दोरा घाला, तार गुणगुणू लागेल त्या जागी थांबवा. आणि चारही तारा एकाच बोटाने छेडू नका. पहिली मधल्या बोटाने, बाकीच्या तर्जनीने. हे तुम्हाला माझ्या आधी शिकवलं होतं.

पत्रातून हे जमायचं नाही. म्हणून मी सकाळी पूजा आटोपली की फोन लावणार आहे. रोज. तुमच्याकडे तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असेल, सुटी असो नसो, कुठे तरी जागा काढा. फोन कानाला लावू नका, तंबोऱ्यापाशी जमिनीवर ठेवा. मी सांगेन तसा मणी हलवा. हवेबद्दल बोलायचं नाही.

आणि जुळला की लगेच फोन ठेवायची घाई करू नका. गायचं असेल तर गा, नसेल तर राहू दे, पण छेडत राहा. मी इकडे त्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असते. माझं ताट मोठं आहे.

त्रिशला